हाडकाईचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना खेळाचा पत्ता आहे. माझ्यावर राजा-राणी नाही, बदाम-इस्पिक नाही. माझ्यावर एक राक्षसीण आहे. हाडकाई तिचं नाव, बळ नव्वद. १९९८ साली कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. बाळासो नावाच्या गृहस्थांचा मक्याच्या कुरकुरीत खायच्या नळ्यांचा कारखाना होता. पुडीत एकेक राक्षस घातला तर पोरं पुड्यांवर तुटून पडतील, असं त्यांच्या डोक्यात आलं. पोरं तुटून पडलीसुद्धा.

चार टोळ्यांचे मिळून आम्ही अठ्ठेचाळीस राक्षस होतो. जाळटोळी पहिल्या डावातच अंगावर धावून जायची, पण खेळ लांबला की तिची राख व्हायची. दलदलटोळी नुसती बसून राहायची आणि समोरचा कंटाळून पुढे आला की त्याला गिळायची. पंखटोळी लढायच्या भानगडीत पडत नसे, दुसऱ्याचे पत्ते पळवायची. राहिली आमची हाडटोळी. आम्हाला मारलं तरी पुढच्या डावात आम्ही पुन्हा उठायचो. आम्हाला हरवण्याची युक्ती बाळासोंनी स्वतः लिहून माझ्या पाठीवर छापली होती : 'हाडकाईला एकट्याने मारू नका. तिघांनी घेरा. तिची वाट अडवा. तीन फटके बसले तरच ती पुन्हा उठत नाही.'

चित्रं निसार पेंटरनं काढली. थिएटरवरची मोठाली पोस्टरं रंगवण्यात त्याची हयात गेली होती, पण ते काम आता आटत चाललं होतं. अठ्ठेचाळीस चित्रांचं काम मिळालं तेव्हा त्याची बायको लालबी हिनं शेजारी साखर वाटली. निसारला त्याच्या उस्तादांची एकच शिकवण होती : चेहरा मनानं काढू नये, बघून काढावा. पोस्टरातले खलनायकसुद्धा तो कुणाला तरी समोर बसवून रंगवायचा. हाडकाई काढायची वेळ आली तेव्हा त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या पायरीवर बयाबाई शेंगा फोडत बसली होती.

बयाबाई उचगावात निसारच्या समोरच्याच घरात एकटी राहायची. तोंडावरून वारं गेल्यानं तिचा ओठ डावीकडे ओढला गेला होता आणि एक डोळा अर्धा मिटलेला असायचा. निसारनं तिला विचारलं नाही. तिचा चेहरा जसाच्या तसा उतरवला, वर दोन सुळे काढले आणि गळ्यात हाडांची माळ घातली. चित्र फार सुरेख झालं. छपाईतून निघालेला पहिला पत्ता त्यानं शर्टाच्या खिशात घातला. तो मी.

माझं कौतुक काय सांगू! शाळेत एका हाडकाईसाठी पोरं दहा-दहा पत्ते मोजायची. निसारची मुलगी सदफ नऊ वर्षांची होती. तिच्याकडे माझं एक भावंड होतं. कोपरा दुमडू नये म्हणून ती त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वहीत ठेवायची. मला अभिमान वाटायचा, हे कबूल करतो.

पण गल्लीतल्या पोरांचे डोळे काही फुटले नव्हते. एका सकाळी बयाबाई नळावर निघाली आणि कुणीतरी ओरडलं, "हाडकाई आली, वाट अडवा!" तिला काही उमगलं नाही. ती हसली. ओठ ओढलेला असल्यानं ते हसू आणखीच माझ्यासारखं दिसलं.

निसारनं ते खिडकीतून ऐकलं आणि तडक बाळासोंकडे गेला.

"मालक, हाडकाईचं तोंड बदलून देतो. फुकट काढतो."

"अवो पेंटर, हाडकाईवरच तर पुड्या खपायला लागल्यात. तिचंच तोंड बदलू व्हय?" बाळासो म्हणाले. "आन् म्हातारीला काय कळतंय त्यातलं? पुढच्या पत्त्यांचं काम बी तुम्हालाच देणार हाय की."

निसार तसाच माघारी फिरला. मी त्याच्या छातीवरच होतो, सगळं मला ऐकू येत होतं. घरी येऊन त्यानं सदफला दोन शब्द सांगितले असते, बयाबाईला खरं सांगितलं असतं, तरी चाललं असतं. लाज आणि काम, दोन्हींनी मिळून त्याचं तोंड शिवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दुपारी बयाबाई कळशी घेऊन नळावरून परतत होती. तीन पोरं वाटेत उभी राहिली, अगदी माझ्या पाठीवर लिहिलंय तशी. पहिला दगड तिच्या नडगीवर बसला, दुसरा कानशिलावर. ती धुण्याच्या दगडावर आपटली आणि तिचा खुबा मोडला. निसार धावत आला. तिसरं पोर म्हणजे त्याची सदफ होती. दगड तिच्या मुठीत तसाच होता.

बयाबाई पुन्हा चालली नाही. लालबी रोज तिला पेज भरवायची. एक दिवस निसार तिच्या खाटेशी बसला, मला खिशातून काढलं, आणि मान खाली घालून तिला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल असं मला वाटलं. द्यायला हव्या होत्या. तिनं मला चांगल्या डोळ्याजवळ धरलं.

"व्हय रं निसार, ही मीच की," ती म्हणाली. "दात तेवढं माझं न्हाईत. नाक मातर बराबर काढलंईस. आमच्या आयचं नाक हाय ते."

निसार रडायला लागला.

"माझा फोटू कुणीबी काढला न्हवता आजवर. लग्नात बी न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच." तिनं मला उशाखाली ठेवलं. पडल्यापासून विसाव्या दिवशी ती गेली.

माणसं तिला उचलून घेऊन गेली तेव्हा सदफ दारात उभी होती. तिनं बापाचा हात ओढला. "अब्बा, दोनच फटकं बसलं की. मी तिसरा मारलाच न्हाई. मग ती परत का उठंना?"

 

शाहूवाडीहून बयाबाईचा पुतण्या आला. दहाव्याला ठेवायला फोटो नव्हता. निसारनं कागद घेतले. बघून काढायला ती नव्हती, आणि मनानं काढायला गेला की ओठांतून सुळेच बाहेर यायचे. शेवटी त्यानं तिच्या उशाखालून मला काढलं, ब्लेड घेतलं आणि माझे सुळे, माझी हाडांची माळ हळूहळू खरवडली. तिथे पांढरा कागद उघडा पडला. मला चौकटीत बसवून पुतण्या गावी घेऊन गेला.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं. माझा कोपरा दुमडू नये म्हणून पोरांनी जिवाचा आटापिटा केला, आणि ज्या बाईचा हा चेहरा, ती रोज त्याच पोरांसमोरून भरलेली कळशी एकटी वाहत होती. तुमच्याही गल्लीत अशी कुणी असेल. तिला नाव ठेवू नका. तिचं नाव विचारा, आणि तिची कळशी उचला.