आधीचं वजन, नंतरचं वजन

प्रयोगशाळेत त्याला सगळे टिल्लू सर म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. सध्या त्याला एकच घोर होता, लेक जायला नको.

ती कॉलेजसाठी त्याच्याकडे राहायला आली, तेव्हा घरातली एकुलती एक खोली त्याने तिला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात चटई टाकली. आता तिच्या आईच्या नव्या नवऱ्याने, त्या धिप्पाड गृहस्थाने, तिला बंगल्याचा अख्खा वरचा मजला देऊ केला होता. सुट्टीच्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली ती बॅग घेऊनच. त्याने बॅगेकडे पाहिलं. पण बोलला मात्र रातकिड्यांबद्दल. अवघड वेळी माणसाला आपलाच धंदा सुचतो.

त्याच्याकडचे नर मिलनाच्या वेळी मादीला शुक्राणूंच्या पिशवीबरोबर मऊ खाऊ देत. तो खाऊ नराच्या अंगातूनच तयार होतो. म्हणून नराला मिलनाआधी तोलायचं आणि नंतर पुन्हा तोलायचं. जेवढी घट, तेवढं त्याचं देणं.

"हा थोराड," त्याने डबी पुढे केली. "खाऊ मोठा, पण याच्या अंगाला ओरखडाही नाही. आणि हे आमचं चिमणं. खाऊ बेताचाच, पण देता देता पार वाळून गेलंय."

"मादीला कळतं का पण, कुणी अंगातलं किती दिलं?"

इथे थाप मारली असती तर चाललं असतं. पण रातकिड्यांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

"छे. हातात किती पडलं तेवढंच कळतं तिला. तिच्याकडे कुठे तराजू?"

बोलून गेल्यावर त्याला आपल्या बोलण्याचा अर्थ उमगला. तो डबीचं झाकण उगाच घट्ट करत बसला.

"मला कळतं, बाबा," लेक म्हणाली. "पाठ धरून उठतोस रोज. स्वेटरसुद्धा सैल झालाय तुला. म्हणून तर चाललेय. जरा भरून निघ आता."

तिने बॅग उचलली. त्याला भरून निघायचं नव्हतं, त्याला ती हवी होती. पण इतक्या मायेने निघालेल्या पोरीला अडवायचं कसं, ते त्याला काही केल्या सुचेना.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.