सायकलवालीचा जबाब

तिने जबाबातली तिसरी ओळ खोडली. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हाताने मारलेली रेघ वाकडीतिकडी गेली, पण खालचा एकही शब्द वाचता येणार नाही इतकी ठळक.

फौजदाराने चष्मा कपाळावर चढवला.

"अहो बाई, सरकारी कागद आहे हा."

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी रस्त्याच्या मधोमध नव्हते. उभ्या गाड्यांपासून दीड हात सोडून सायकल चालवत होते."

शेजारी बसलेल्या दिराने घसा खाकरला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो वहिनीसोबत चौकीत आला होता, आणि सही करून लवकर मोकळं व्हावं एवढीच त्याची इच्छा होती.

ती घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायची. बावीस वर्षं, सायकलवरून. बारा दिवसांपूर्वी सकाळी औषधांच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक तिच्यापुढे उघडलं आणि ती हँडलवरून पलीकडे फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ती दवाखान्यात असतानाच गाडीमालकाने, एका बांधकाम कंत्राटदाराने, तक्रार देऊन टाकली की सायकलवाली बेफाम आली आणि दारावर आदळली. ऑफिसात साहेबांनी आडून सुचवलं होतं, चूक तिची ठरली तर फिरतीचं काम बंद. मग मोडक्या मीटरांच्या गोदामात बसायचं.

फौजदार तसा वाईट माणूस नव्हता. सायकलने कडेकडेने जावं, गाड्यांना वाट द्यावी, हे त्याने तिला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. तिने शांतपणे विचारलं, हे कुठे लिहिलंय ते दाखवाल का. तो कपाटातून नियमांचं पुस्तक घेऊन आला. पानं उलटून त्याने 'डाव्या बाजूने' हे शब्द शोधले.

"बाजूने म्हणजे दाराला घासून नव्हे," ती म्हणाली. "आता दाराचं काय लिहिलंय तेही वाचा."

तेही दोन पानं पुढे सापडलं. मागून येणारं वाहन पाहिल्याशिवाय दार उघडू नये. आणि सायकलही वाहनातच मोडते, हे तर पहिल्याच पानावर होतं. फौजदाराने ते अर्धं मोठ्याने, अर्धं मनाशी वाचलं आणि तिसरी ओळ तिच्या सांगण्याप्रमाणे नव्याने लिहिली.

कंत्राटदार भिंतीला टेकून उभा होता. त्याची आई मागच्या बाकावर बसली होती; इथून निघून तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होता. त्याने घड्याळ पाहिलं.

"घंटी वाजवली होती का, विचारा तिला. मला तरी ऐकू आली नाही."

दीर तिच्या कानाशी वाकला. वाजवली म्हणा, तो पुटपुटला, कोण बघायला जातंय. खरंच होतं ते. सायकलचा पार चेंदामेंदा झाला होता.

"नाही वाजवली," ती म्हणाली. "घंटी बिघडली होती. त्याच्या आठ दिवस आधीपासून, मी दुरुस्त करून घेतली नव्हती."

फौजदाराचं पेन थांबलं.

"हे लिहिलं तर तुमच्यावरही कलम लागेल. ऑफिसात कळेल."

"लागू दे. घंटीचं माझं आहे, ते लिहा. दाराचं माझ्या माथी मारायचं नाही. ते मी घेणार नाही."

आवाज तिने चढवला नव्हता. दिराने छताकडे पाहिलं. कंत्राटदार काहीतरी बोलणार होता, पण त्याच्याआधी बाकावरून आवाज आला.

"दार मी उघडलं होतं."

कंत्राटदार गर्रकन वळला. आईचं वय झालंय, तिच्या लक्षात राहत नाही, असं तो घाईघाईने सांगू लागला.

"सगळं लक्षात आहे," म्हातारी म्हणाली. "मी मागच्या सीटवर होते. हा थांब म्हणत होता. मला घाई झाली होती, मागे बघितलंच नाही." मग ती मीटरवालीकडे वळली. "माझ्यासाठीच खोटं बोलला तो. पण खोटंच ना ते."

कंत्राटदार खाली बघत राहिला. मघापासून पहिल्यांदाच तो कुणाचा तरी मुलगा वाटत होता.

फौजदाराने कोरा कागद ओढला आणि आजींना पुढे बोलावलं. टेबलापुढे दोनच खुर्च्या होत्या. मीटरवाली उठली, डाव्या हाताने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. दीरही लगबगीने उठला.

"वहिनी, सही करा आणि निघू या."

"थांबा भाऊजी. आधी त्यांचं लिहून होऊ दे."

ती खुर्चीमागे उभी राहिली. म्हातारी सांगत होती, फौजदार लिहीत होता. दुसऱ्या ओळीवर मीटरवालीने वाकून बोट ठेवलं.

"'निष्काळजीपणाने' असं नाही म्हणाल्या त्या," ती म्हणाली. "'घाईत' म्हणाल्या. तेच लिहा."