अठ्ठावीस चौकोनांचा झेंडा

मी एकविसाव्या पलटणीचा झेंडा बोलतोय. रफूघरातल्या लांब टेबलावर पसरून पडलोय. उद्या मला जाळायचे ठरले आहे, तेव्हा आता कोणाची भीडभाड ठेवायची गरज उरलेली नाही.

माझा जन्म याच शहरातला. या शहराला आभाळ नाही, काचेचे छत आहे. छताबाहेर हवा नाही, आवाज नाही, काहीच नाही. इथल्या गिरणीत मला विणले. काळी जमीन, मधोमध पांढरे वर्तुळ आणि वर्तुळात पंख पसरलेला पिवळा गरुड. ज्या चित्रकाराने तो काढला त्याने गरुड कधी पाहिला नव्हता. शहरात पक्षी म्हणून एकच जात होती, अन्नखात्याच्या खुराड्यातली. त्यामुळे गरुड काढता काढता त्याच्या हातून कोंबडी झाली. शपथेच्या दिवशी सेनापतींनी गंभीर चेहऱ्याने मला सलामी दिली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजले, "ही अंडं कधी देणार?" तेव्हापासून शिपायांत माझे नाव कोंबडी.

मला त्याचा राग आला नाही. उलट सेनापतींनी त्या दिवशी सांगितलेला माझा अर्थ मला फार आवडला होता. काळा रंग म्हणजे आपले पूर्वज पार करून आले ती पोकळी. वर्तुळ म्हणजे आपले छत. पक्षी म्हणजे छताखालच्या लेकरांना पंखाखाली घेणारी पलटण. चार वर्षांनी दुसरे सेनापती आले. त्यांनी सांगितले, काळा रंग म्हणजे शत्रूच्या शहरांची राख, वर्तुळ म्हणजे कधीही न मिटणारा डोळा आणि पक्षी म्हणजे नुसत्या नख्या. तिसऱ्यांनी तर अर्थ विचारणाऱ्या पोराला रांगेतून बाहेरच काढले. तो पुन्हा दिसला नाही. या सगळ्या काळात माझा एक धागाही बदललेला नव्हता.

छताबाहेर जहाजाने नेऊन जिथे मला रोवत तिथे वारा नसे. फडकल्यासारखा दिसावा म्हणून माझ्या वरच्या काठात तार घातली होती. गोठलेल्या मैदानात, बर्फाच्या खाणींच्या तोंडाशी मी तसाच ताठ उभा असे. बर्फ म्हणजे पाणी आणि पाण्यासाठीच सगळे चालले होते, निदान सुरुवातीला तरी. तापलेल्या लोखंडाचे तुकडे माझ्यातून आरपार जात. मला धरणारा कोसळला की दुसरा धावून येई. झेंडा जमिनीला लागता कामा नये, असा नियम होता. माणूस लागला तर चालत असे.

आणखी एक नियम होता. माझी सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते, म्हणून नीट सांगतो. प्रत्येक पलटण शहरातल्या एका आळीला बांधलेली असते. माणसे कमी झाली की त्याच आळीतून नवी भरती होते. पण प्रत्येक वेळी परत आल्यावर झेंडा मोजतात. शंभर चौकोनांची लाकडी चौकट झेंड्यावर ठेवायची, ठिगळ लागलेले चौकोन सोडायचे आणि मूळ कापडाचे तेवढे धरायचे. पन्नासाच्या खाली आकडा गेला की पलटण मोडायची. जिवंत असतील त्यांना घरी पाठवायचे आणि झेंडा मानाने जाळायचा. ज्या कोणी हा नियम केला त्याच्या काळजात कुठेतरी ओलावा असावा. झेंड्याची एवढी चाळण झाली तर त्याच्याखालच्या माणसांचे काय झाले असेल, हे त्याला कळत होते.

आमच्या आळीतल्या रफूमावशीला मात्र नेमके तेवढेच कळले नाही.

मावशी म्हणजे रफूघराची मुख्य. तिच्या हाताला असे यश होते की फाटले कुठे होते ते फाडणाऱ्यालाही सांगता येऊ नये. ती ठिगळ लावत नसे. माझ्याच दुमडलेल्या काठातले सूत ओढून काढायची आणि भोकाच्या जागी उभा-आडवा धागा घालून कापड नव्याने विणायची. काठातले सूत तिसऱ्या खेपेला संपले. मग तिने मेलेल्या शिपायांच्या परत आलेल्या गणवेशांतून सूत काढले. गिरणी तीच, कापूस तोच, काळा रंगही तोच. पांढऱ्यासाठी बंडीचे अस्तर होते, पिवळ्यासाठी खांद्यावरची फीत. मोजणीदाराने भिंगातून पाहिले तरी त्याला फरक कळत नसे.

"शाबूत!" तो ओरडायचा आणि मोजणीच्या दिवाणखान्यात जमलेली आळी टाळ्या वाजवायची. बायका मावशीचे हात हातात घेत. ज्यांची पोरे माझ्याखाली गेली होती त्याही घेत. मावशीला पदक मिळाले. तिला खरोखर वाटत असे की मला पडलेले प्रत्येक भोक म्हणजे आळीतल्या एका पोराची जखम आणि ती बुजवली की कुठेतरी त्याला बरे वाटत असेल. अशी नऊ वेळा तिने मला बुजवले. नऊ वेळा मी नव्या पोरांना घेऊन गेलो. दर खेपेला माझी काठी धरणारे हात आधीपेक्षा कोवळे असायचे.

दहाव्या भरतीच्या यादीत मावशीच्या मुलीचे नाव आले.

तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. हवा गाळायच्या कारखान्यात ती जाळ्या धुवायची आणि दुपारी आईचा डबा घेऊन रफूघरात यायची. त्या दिवशी तिने डबा माझ्यावरच ठेवला.

"उचल तो! झेंडा आहे तो," मावशी खेकसली.

"असू दे गं. आता आमची ओळख वाढायचीच आहे. परवापासून कोंबडीच्या मागे पिल्लू."

मावशी हसली नाही. तिची सुई थांबली होती. भिंगरीने यादीचा कागद टेबलावर टाकला आणि उगाच माझ्यावरून हात फिरवला. जाळ्या धुणारीची बोटे होती ती. दिवसभर धाग्यांतून हवा कशी जाते तेच पाहणारी. एका जागी ती अडली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"आई, इथली वीण वेगळी आहे. इथलीही. यात खरा झेंडा उरलाय किती?"

"असेल तीसेक चौकोन."

"तीस? आणि पन्नासाच्या खाली कधी गेला?"

मावशीने तोंड उघडले. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो हिशोब मनात मांडला असावा, कारण तिचा चेहरा माझ्या वर्तुळासारखा पांढरा पडला.

"चौथ्या खेपेला," ती म्हणाली.

भिंगरी, जी कधी एका जागी ठरत नसे, ती जागीच ठरली.

"गवंडीकाकूंचा थोरला कधी गेला?"

"पाचव्या."

"आणि धाकटा?"

मावशीने सुई केसांत खोचली. भिंगरीने माझ्यावरचा हात हळूच उचलून घेतला, विस्तवावरून उचलावा तसा. मला फाडणारे लोखंड मी सोसले होते. ते हात उचलणे मला सोसले नाही.

"मी सांगते त्यांना. मोजणीच्या वेळी, सगळ्यांसमोर," मावशी म्हणाली.

"वेडी झालीस? झेंड्यात फेरफार केला म्हणून तुला छताबाहेर पाठवतील. आणि त्याआधी आळीतल्या बायकाच तुला सोलतील."

"सोलू देत."

"माझ्यासाठी करणार असशील तर नको करूस. इतक्या पोरांच्या वेळी गप्प होतीस, आता पोटची निघाली तर बोलणार? लोक काय म्हणतील?"

"खरं तेच म्हणतील," मावशी म्हणाली. "पण न बोलून तुलाही पाठवू? आणि तुझ्यानंतर अकरावी भरती?"

डबा तसाच राहिला.

मोजणीला सारी आळी आली होती. मोजणीदाराने चौकट ठेवली, भिंग फिरवले, बोट सरकवत गेला आणि म्हणाला, "सत्त्याण्णव. शाबूत!" टाळ्या सुरू झाल्या. मावशी पुढे झाली.

"थांबा साहेब. मोजणी चुकली आहे."

"माझी मोजणी? मावशी, वीस वर्षं मोजतोय मी."

"आणि वीस वर्षं मी फसवतेय तुम्हाला. मुद्दाम नाही, पण फसवतेय. यातले बहुतेक चौकोन माझे आहेत."

"हे बघा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मुलीचं नाव यादीत आलंय, मला ठाऊक आहे. जीव तुटतो, कळतं मला. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही. बसा खाली."

"बसते. आधी सुई द्या."

सुई कोणी दिली नाही, तेव्हा तिने ती स्वतःच्या केसांतून काढली आणि मला उसवायला घेतले. मला दुखले का? दुखले. पण गेली कित्येक वर्षे जे सूत माझ्या अंगात परक्यासारखे बसले होते ते सुटत होते आणि त्यात एक सुटकाही होती. प्रत्येक धाग्याबरोबर ती नाव सांगत होती. "हा सुताराच्या जावयाच्या बाहीचा. ही फीत जिन्याखालच्या जुळ्यांतल्या एकाची. हे अस्तर..." ती थांबली.

गवंडीकाकू रांगेतून उठून टेबलापाशी आल्या होत्या. दोन्ही मुलगे गेले तेव्हापासून त्या फारशा बोलत नसत.

"कोणाचं अस्तर?"

"तुमच्या थोरल्याचं."

"म्हणजे तो गेला तेव्हा पलटण मोडलेली असायला हवी होती?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मला रफू ठाऊक होतं, काकू. बाकी मी पाहिलंच नाही."

वाटले, आता काकू तिच्या थोबाडीत मारतील. त्यांनी हात पुढे केला, अस्तराचे सूत बोटाभोवती गुंडाळले आणि म्हणाल्या, "माफ करणार नाही मी तुला. पण उसव. थांबू नकोस."

उसवून झाले तेव्हा माझ्यातून समोरची भिंत दिसत होती. मोजणीदाराने पुन्हा चौकट ठेवली.

"अठ्ठावीस."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

मावशीला त्याच दिवशी नेले. तिसऱ्या दिवशी हुकूम आला आणि मोजणीदाराने तो वाचून दाखवला. एकविसावी पलटण मोडली. जिवंत अकरा जण, ते छावणीतून घरी येतील. ज्या बायकांची पोरे त्या अकरांत नव्हती, त्यांनीही सुटकेचा श्वास टाकला. पण कागद तिथे संपत नव्हता. त्याच आळीतून, दहाव्या भरतीच्याच यादीने नवी पलटण उभी राहील. चित्र हेच राहील, मात्र झेंडा कापडाचा नसेल. तो पत्र्याचा असेल, कधीही न फाटणारा. झेंडा तयार होताच पलटण जहाजावर चढेल. झेंड्याशिवाय चढणार नाही, कारण तसा नियम आहे.

नियम बदलायची त्यांना गरजच पडली नाही. त्यांनी फक्त माझी जात बदलली.

मावशी आता छताच्या बाहेरच्या अंगाला काच पुसते. पाठीवर चार तासांची हवा असते. त्या कामावरची माणसे वर्षभरात खोकायला लागतात आणि मग दिसेनाशी होतात. आळीच्या टोकाला उभे राहिले तर दुपारी कधीकधी वर एक हात फिरताना दिसतो. भिंगरी तिथे जाऊन उभी राहते. त्या हाताला खाली कोण उभे आहे ते दिसत नाही, कारण बाहेरून काच काळी आहे.

आज पत्रेवाला आला आहे. आळीतलाच माणूस. साऱ्या शहराच्या नळ्या त्याने जोडल्या आहेत आणि त्याने जोडलेली नळी गळल्याचे कोणी ऐकलेले नाही. माझे माप घ्यायला म्हणून त्याला पाठवले आहे. त्याने कोरा पत्रा माझ्या शेजारी ठेवला. भिंगरी दारात उभी होती.

"पोरी, किती जाडीचा करू म्हणतात?"

"कागदावर जाडी नाही लिहिलेली, काका. 'कधीही न फाटेल असा' एवढंच आहे."

"करता येईल तसा," तो सवयीने म्हणाला आणि खडू उचलला.

"येणारच तुम्हाला. तुमचं काम चांगलं असतं."

"आळीत कोणालाही विचार."

"माझ्या आईचंही चांगलं असायचं."

पत्रेवाल्याने तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे, माझ्या भोकांकडे. भोकांतून टेबलाचे लाकूड दिसते आहे. त्याने पत्र्यावर पहिली रेघ ओढायला हात नेला, पण टेकवला नाही. भिंगरी दारातून हलली नाही. तो अजून तसाच उभा आहे. आळीत जहाजाची घंटा दोनदा ऐकू आली आहे.

वाचणाऱ्या माणसा, मला तुझ्याशी याहून जास्त बोलता येणार नाही. मला जाळतील तेव्हा रडू नकोस. जळण्याइतका साधा शेवट माझ्याखालच्या फार थोड्यांना मिळाला. पण तुझ्याही हाताला कसलेतरी यश असेल. शिवण्याचे, जोडण्याचे, लिहिण्याचे, मोजण्याचे. एखाद्या दिवशी तुझ्यासमोरही कोणी एक कोरा पत्रा ठेवेल आणि म्हणेल, चांगला कर.

पत्रेवाल्या, तुझ्या हातातला खडू मला इथून दिसतो आहे. तो खाली ठेव.