दुसरा दिवा

दोन्ही कॉम्प्युटरना नेट वाटणाऱ्या हबवरचा दुसरा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला... पहिला किशोरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा, तो शांत. दुसरा आतल्या खोलीत बायकोच्या कॉम्प्युटरचा, आणि तो हिरवा ठिपका थरथरला की भिंतीपलीकडे ज्योत्स्ना काहीतरी उघडते आहे, एवढं कळायचं. पूर्वी एवढंच कळायचं. आता ती काय वाचते तेही त्याला ठाऊक होतं, आणि तिथंच सगळं वाटोळं झालं होतं.

शनिवारची सकाळची शाळा करून ती आली, जेवण उरकलं, आणि ‘सहामाहीच्या प्रश्नपत्रिका करते’ म्हणून आत जाऊन बसली. लेक रोहिणी बारावीच्या क्लासला. किशोरच्या कंपनीला सुट्टी. प्रश्नपत्रिकेला कशाला लागतं नेट? पण विचारणार कसं...

केबलवाला म्हणाला होता, एका कनेक्शनवर एकच कॉम्प्युटर. बघतोच, म्हणून याने भिंतीला भोक पाडलं, वायर आत नेली. शाळेचा मराठी फॉण्ट फक्त विंडोजवर चाले म्हणून तिचं विंडोज. मासिकाबरोबर आलेल्या सीडीनं वेड लावलं म्हणून याचं लिनक्स. त्या दोन कॉम्प्युटरचं आपसात काही केल्या जमेना, तीन रविवार पाण्यात गेले. ‘सासवासुना बऱ्या हो यांच्यापेक्षा,’ ज्योत्स्ना हसली होती. शेवटी जमलं. तिचं नेट याच्या लिनक्समधून आत जायला लागलं. लाइन धीमी, म्हणून त्याने आणखी एक शहाणपणा केला — एकदा कुणीही उघडलेलं पान लिनक्स स्वतःकडे जपून ठेवी, दुसऱ्यांदा मागितलं की क्षणात हजर; आणि कुठल्या कॉम्प्युटरवर, किती वाजता, कुठलं पान उघडलं त्याची एकेक ओळ लिहून ठेवी. ते ओळींचं तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं? नाही, सांगितलं नाही. ‘मी काय बघते ते तुम्हाला दिसणार नाही ना?’ तिने विचारलं होतं, आणि हा म्हणाला होता, ‘छे गं!’

कारण अकरा वर्षांपूर्वी तिच्या बहिणीचं बंद पाकीट त्याने फोडून वाचलं होतं. एक महिना ज्योत्स्ना त्याच्याशी बोलली नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि शब्द नाही! ‘पुन्हा असं झालं तर मग कायमचंच,’ महिन्यानं ती एवढंच म्हणाली होती.

आणि नऊ दिवसांपूर्वी डिस्कवर जागा करताना त्या ओळी समोर आल्या. छातीतली गाठ. न दुखणारी गाठ. आईला झालेला असेल तर मुलीला... एकाच वेबसाइटची पानं. त्यापुढच्या ओळी वाचायचा त्याला धीर झाला नाही. येवल्याला सगुणाबाईंच्या, तिच्या आईच्या उशीवरचे केसांचे पुंजके ज्योत्स्नानेच वेचले होते. सगळे उपचार केले, सगळं सोसलं, आणि तरी म्हातारी गेलीच.

नऊ दिवस किशोर मूग गिळून बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! परवा पंचवटीच्या भाजीबाजारात मेथीची जुडी निवडताना हळूच म्हणाला, ‘तब्येत बरी आहे ना तुझी?’ तर ती म्हणाली, ‘मला काय धाड भरलीय!’ आणि भाजीवालीकडून दोन काड्या कोथिंबीर जास्तीची मागून घेतली.

दिवा थरथरतच होता. सांगेल ती, आज ना उद्या, डॉक्टर ठरवून मगच सांगेल, तिचा स्वभावच तसा — या एका आशेवर तो नऊ दिवस तगला होता. त्याने तीच वेबसाइट उघडली. पहिलं पान झटकन आलं. येणारच, तिने उघडलेलं. मग ‘उपचार’वर बोट दाबलं, आणि पान रांगायला लागलं. एक ओळ... दुसरी ओळ... अर्धं चित्र. किशोर बघत राहिला. म्हणजे हे तिने उघडलेलंच नाही? ‘डॉक्टरांकडे केव्हा जावे’ — तेही रांगत. सगळ्यात खाली होतं, ‘उपचार न घेतल्यास किती काळ’. तिथे बोट जाईना. मग गेलं.

पान क्षणात समोर आलं.

म्हणजे हे तिने आधीच उघडलेलं. ती डॉक्टर शोधत नव्हती. ती महिने मोजत होती... रोहिणीची बारावी फेब्रुवारीत. तोवर निभेल का, एवढंच तिला बघायचं होतं. अगं वेडे, अगं ज्योत्स्ना —

“अहो,” आतून तिचा आवाज आला, “नेट एकदम हळू झालंय. तुम्ही काही उघडलंय का?”

“हो.”

“काय?”

खोटं तोंडाशी तयार होतं, क्रिकेटचा स्कोअर. नऊ दिवस त्याला एकच धास्ती होती, हिला कळलं की ही बोलायची बंद होणार. ते रिकामं घर, ते न बोलता वाढलेलं ताट... आणि आता त्याला त्या ताटाचाच लोभ सुटला. नको बोलूस, जन्मभर नको बोलूस माझ्याशी. पण न बोलायला तरी समोर असायला हवीस ना!

“काय उघडलंय, अहो?”

दुसरा दिवा स्थिर झाला होता. आत खुर्ची सरकली. माउस किशोरच्या हाताखालीच होता. त्याने पान बंद केलं नाही.