तुरुंग नको

बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात नवा तुरुंग होणार, ही बातमी वस्तीत आली आणि त्याच संध्याकाळी कृती समिती उभी राहिली. अध्यक्ष अर्थातच निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणत. दुसऱ्या दिवशी सर पेंटरच्या दुकानात आले.

"चाळीस बोर्ड हवेत. 'तुरुंग नको, शाळा हवी.' लांबून डोळ्यात भरलं पाहिजे."

पेंटर "हो सर" म्हणाला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्याचा थोरला भाऊ गेली सहा वर्षं तुरुंगात होता, आणि वस्तीला त्याने सांगितलं होतं की दादा जहाजावर नोकरीला आहे. भांडणात दादाने एकाला ढकललं, तो जिन्यावरून पडला आणि गेला. सगळं दुसऱ्या गावात घडलं. मायलेक या वस्तीत राहायला आले ते त्यानंतर.

दादाचा तुरुंग बसने नऊ तासांवर होता. गुडघे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, आईने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

ती दुकानामागच्या खोलीत असायची. ओले बोर्ड तिच्या पलंगासमोरच भिंतीला टेकून वाळत. दहावा-अकरावा बोर्ड आत आला तेव्हा तिने विचारलं, "इथे झाला तर त्याला इकडे आणतील का रे?"

"अर्ज केला तर आणतातही."

"मग मला रिक्षाने जाता येईल." ओल्या अक्षरांकडे बोट करत ती म्हणाली, "आणि तू हे रंगवतोयस."

"न रंगवून लोकांना काय सांगू, आई?"

त्या महिन्यात तो भेटीला गेला. जाळीपलीकडून दादा हसला. "पेपरात मोर्चाचा फोटो पाहिला. बोर्ड तुझेच ना? तुझं अक्षर लपतंय होय!" ब्रश धरायला दादानेच शिकवलं होतं. पेंटरला मान वर करवेना.

"अरे, काम आहे ते. करायचं," दादा म्हणाला. "आई कशी आहे?"

"बरी आहे."

तुरुंगाच्या प्रकल्पावरची जाहीर सुनावणी सरकारी अधिकाऱ्यासमोर, शाळेच्या सभागृहात झाली. आई हट्टाने आली. दोघा शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत बसवलं. सर माईकवरून म्हणाले, "बघा, आजींना चालवत नाही, तरी विरोध नोंदवायला आल्यात!" टाळ्या पडल्या.

मग एकेक जण बोलत गेला. घरांचे भाव पडतील, मुलींनी बाहेर कसं पडायचं. औषधांच्या दुकानाची मालकीण म्हणाली, "कैदी आत असतील हो, पण त्यांचे नातेवाईक? ते रोज आपल्या दारात! कसली माणसं असतात ती!"

आई सगळं ऐकत होती.

शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, "प्रकल्पाच्या बाजूने कोणी आहे? हात वर करा."

आईचा हात वर जायला लागला. खांद्यापर्यंत आला असेल नसेल, पेंटरने तिचं मनगट धरलं, हात खाली मांडीवर आणला आणि धरून ठेवला.

"आजींना काही सांगायचंय का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही साहेब. त्यांना नीट ऐकू येत नाही."

कागदावर लिहिलं गेलं, बाजूने कोणी नाही.

तीन महिन्यांनी योजना रद्द झाली. सरांनी भर रस्त्यात पेंटरला मिठी मारली. तो घरात आला तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, चुकलो मी. उद्या सरांकडे जातो, खरं काय ते सांगतो."

"आता कशाला?"

पुढच्या भेटीसाठी त्याने गाडी ठरवली, मागच्या सीटवर गादी घातली. "आडवी पडून चल. वाटेत हवं तितकं थांबू."

"नको," ती म्हणाली.

"त्याला बघायचं नाही तुला?"

"बघायचंय रे. पण सुनावणीला काय झालं ते तो विचारेल. मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं सांगितलं तर त्याला आत दुसरं आहे तरी कोण, तुझ्याशिवाय?"

गाडीवाल्याने बाहेरून हॉर्न दिला. पेंटरने गादी काढून आत आणून ठेवली, आणि तो एकटाच निघाला.