हवेत घेतलेलं माप

मी एक जुनी लाल मोटार आहे. मित्रांनो, अंग बेताचं आणि इंजिन दांडगं, अशा आमच्या जातीला अमेरिकेत मसल कार म्हणतात. डेट्रॉइटच्या कारखान्यात माझा जन्म झाला. ऐन उमेदीची वर्षं हुंदडण्यात गेली. मग पेट्रोल महागलं आणि माझी मिजास उतरली. मालकामागून मालक झाले. शेवटी १९८३ साली डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या श्रीरंगकाकांनी मला घरी आणलं.

काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. घरात दोन गाड्या असताना हा पांढरा हत्ती कशाला, असं वसुधाकाकू म्हणत. पण काका माझ्यावर जीव टाकत. माझी जुनी बारीक चाकं तेवढी त्यांच्या डोळ्यांत सलत. त्यांना मासिकातल्यासारखे रुंद, रुबाबदार टायर हवे होते. त्यांनी मला जॅकवर उचललं, चाकं सरळ ठेवून माप घेतलं आणि टायर मागवले. चाकं हवेत लोंबकळत होती, माझा भार त्यांच्यावर नव्हता, तेव्हा मडगार्डखाली जागा ऐसपैस दिसणारच! मला सगळं कळत होतं, पण बोलता कुठे येतं?

दसऱ्याला नवे टायर चढले. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. ड्राइव्हवेवर मित्रमंडळी जमली होती. लिंबं चिरडत मी ऐटीत निघाले. काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं मात्र, टायर मडगार्डला करकरत घासला आणि तिथेच अडकला. माझा पत्रा वाकला. काकांच्याच ऑफिसातले विष्णूकाका हसत म्हणाले, "नजर काढलीस यार, माप घ्यायचं राहिलं."

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मला ढकलत गॅरेजमध्ये नेलं आणि दार ओढून घेतलं. टायर बदलणं काही मोठं काम नव्हतं. पण बदलायचे म्हणजे चूक कबूल करायची. बघू नंतर, बघू नंतर म्हणत दोन हिवाळे गेले.

मित्रांनो, बंद गॅरेजमध्ये दिवस काय नि रात्र काय, सारखंच. माझ्या टपावर गोधड्यांची खोकी चढली. सीटमध्ये उंदराने संसार थाटला. बाहेरून एखादी गाडी गेली की माझा जीव कासावीस व्हायचा. धावण्यासाठी जन्मलेल्याला याहून मोठी शिक्षा नाही. काका सकाळी शेजारची गाडी काढताना माझ्याकडे बघतही नसत. मला वाटायचं, कोंडलेली मी एकटी नाही.

मग एक गिऱ्हाईक आलं. त्याला फक्त इंजिन हवं होतं, बाकीचं तो भंगारात घालणार होता. काका हो म्हणाले. शनिवारी तो मला न्यायला येणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी काकांची मुलगी लतिका गॅरेजमध्ये आली. हायस्कूलमध्ये ती मोटारदुरुस्ती शिकत होती. तिने खोकी उतरवली, टायरमध्ये हवा भरली आणि आईबाबांना हाक मारली.

"बाबा, तुम्ही आत बसा. आई, यू टू."

"कशाला?" काकांनी विचारलं.

"तुम्ही हवेत मेझर केलं होतं. मला वेट हवंय."

दोघं बसले. माझ्या स्प्रिंगा दबल्या. काका टायर घासेपर्यंत स्टिअरिंग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळवत राहिले आणि लतिका जमिनीवर पडून मोजत राहिली. कोणी हसलं नाही.

"टायर थोडा नॅरो, आणि चाक जरा आत. दॅट्स ऑल, बाबा."

काकांचे डोळे भरून आले. "माप भार देऊन घ्या, ऑफिसात मी सगळ्यांना हेच सांगतो," ते म्हणाले. "आणि विष्णू हसला म्हणून हिला भंगारात घालायला निघालो होतो."

आत जाऊन त्यांनी फोनवर तो सौदा कॅन्सल केला.

पुढे नवे टायर आले. ड्राइव्हवेच्या वळणावर काकांनी श्वास रोखून स्टिअरिंग पूर्ण वळवलं. कसलाच आवाज आला नाही. मी रस्त्यावर आले होते.

मित्रांनो, एखादी वस्तू तुमच्या हातून बिघडली, तर तिला लाजेपोटी अंधारात ढकलू नका. चूक तुमची असते, आणि कोंडून आम्ही पडतो.