देवाची पत्री

कालच्या पूजेची पत्री जयवंत भावोजींनी सशाच्या पिंजऱ्यात टाकली आणि वर अनुपमालाच ऐकवलं, "पायदळी जाण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी गेलेली बरी."

सत्त्याऐंशी सालच्या गणपतीचा दुसरा दिवस होता. दहिसरच्या चाळीतल्या दोन खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. अनुपमा नळावरून परत येईपर्यंत तिच्या लाडक्या सशाने, बंड्याने देवाला वाहिलेली ती पानं फस्त केली होती. कण्हेरीचा नुसता देठ उरला होता.

"अहो भावोजी, कण्हेर विषारी! गावाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही तिला."

"देवाला चालते, ती सशाला चालत नाही होय?"

दुपारी बंड्या लाळ गाळत आडवा झाला. त्याने चार वेळा पाय झाडले आणि तो गार पडला. भावोजी मोदक खातखात गॅलरीत आले, पिंजऱ्यात डोकावले. "पुण्यवान जीव! बाप्पाचा प्रसाद खाऊन गेला," म्हणाले, आणि उरलेला मोदक तोंडात कोंबला. तूप हनुवटीवरून ओघळलं. अनुपमाला शिसारी आली. सशाच्या लाळेची नव्हे, त्या तुपाच्या ओघळाची.

संध्याकाळी आरतीनंतर भावोजींनी प्रसादासाठी हात पुढे केला. तिने त्यावर देवापुढच्या आजच्या पत्रीतलं कण्हेरीचं एक पान ठेवलं.

"खा ना भावोजी. तुम्हीही पुण्यवान व्हा."

विंचू डसल्यासारखा त्यांनी हात झटकला. देवाचं पान खाली पडलं, आणि सगळ्यांदेखत त्यांनीच ते पायाने दाराबाहेर लोटलं.